नानांची जड बंदूक

आमच्या परळच्या चाळीत कोणी चादरीत गुंडाळलेली लांबडी वस्तू काखोटीला मारून जिना चढू लागलं, की खालचा इस्त्रीवाला न विचारताच सांगतो, "दुसरा मजला, शेवटची खोली. शालनताई." नवखा माणूस दचकतो. याला कसं कळलं? अहो, न कळायला काय झालं! क्रिकेटची बॅट कोणी चादरीत लपवत नाही, आणि सतार घेऊन आमच्या चाळीत आजवर कोणी आलेलं नाही. माझ्याकडे येतात त्या एअरगन.

एअरगन म्हणजे छर्ऱ्याची बंदूक. जत्रेत फुगे फोडायला ठेवतात ती. तिच्यात दारू नसते, धूर नसतो. आत एक दणकट स्प्रिंग, तिच्यापुढे दट्ट्या, दट्ट्याच्या तोंडाला चामड्याचा वायसर. नळी मोडून खाली दाबली की स्प्रिंग आवळली जाते, घोडा ओढला की ती सुटते, दट्ट्या हवा ढकलतो आणि हवा छर्ऱ्याला. संपलं. ज्यांनी स्टोव्हला पंप मारलाय त्यांना यात नवीन काही नाही. मीही त्याच वाटेने आले. वडील गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर गॅलरीत बसून स्टोव्ह दुरुस्त करायचे. मी आयटीआय करून आले तोवर घरोघरी गॅस पोचला होता आणि वडिलांच्या डब्यात गोडेतेलात भिजत घातलेले वायसर तसेच पडून होते. एके दिवशी कोणीतरी हवा न धरणारी एअरगन घेऊन आलं. वडिलांनी ती उघडली, आत डोकावले आणि म्हणाले, "अगं, हा तर आडवा स्टोव्ह!"

पुढे मी एका शाळेच्या नेमबाजी रेंजवर बंदुकांची देखभाल करायला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. घरचं काम मात्र सुटलं नाही. आईने एकच अट घातली होती. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बोट करून म्हणाली होती, "त्यांच्यासमोर बसून हे करणार असशील, तर कागद आणि फुगा सोडून कशावर चालणारी बंदूक दुरुस्त करायची नाही." पंचशीलातलं पहिलंच शील ते, जीव न घेण्याचं. आई गेली, अट आहे.

तर सांगायची गोष्ट नानांची. गेल्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. एक उंच, सडसडीत गृहस्थ दारात उभे राहिले. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली बंदूक. फणसवाडीतून टॅक्सी करून आले होते. मी चहा ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही, चहा थंड झाला. मला वाटलं, आता हे आमच्या घरचा चहा घेणाऱ्यांपैकी नाहीत की काय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "ताई, चहा घ्यायचाय हो, पण तुमच्या स्वच्छ फरशीवर सांडेल." आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. मी चहा पेल्यात ओतून दिला, अर्धा. तो त्यांनी दोन्ही हातांनी प्यायला आणि मग लुगड्यातून बंदूक सोडवली.

"हिच्यात काही बिघाड नाही," ते म्हणाले. "बिघाड माझ्यात आहे. पण मला दुरुस्त करणारं कोणी भेटेना, म्हणून हिला घेऊन आलो."

फणसवाडीत त्यांच्या वाडीचा सव्वीस जानेवारी दणक्यात होतो. सकाळी झेंडा, संध्याकाळी सत्यनारायण आणि मधल्या वेळात नेमबाजीची स्पर्धा. ती नानांनी तरुणपणी सुरू केली. वाडीच्या बंद टोकाला भिंतीशी जाडजूड फळी उभी करायची, मागे गाद्या, पुढे दोरी, आणि फळीवर रंगीबेरंगी फुगे. स्पर्धेचं उद्घाटन फीत कापून होत नाही. नाना पहिला छर्रा मारतात, फुगा फुटतो आणि स्पर्धा सुरू होते. नानांचा नियम असा, की आधी रंग मोठ्याने सांगायचा, मग मारायचं. निळा म्हणालात आणि हिरवा फुटला तर तुम्ही बाद, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहा. "नाहीतर काय होतं," नाना म्हणाले, "फुटेल तो आपलाच. आयुष्यात सगळेच तसं करतात, निदान बंदुकीत तरी नको."

नाना दर वर्षी पिवळा सांगायचे आणि पिवळाच फोडायचे. आता पुतण्या मंदार मंडळाचा सेक्रेटरी झाला होता. त्याचं म्हणणं, या वर्षी फुगा प्रमुख पाहुण्यांनी फोडावा, नानांनी स्टेजवर खुर्चीत बसावं, आपण हार घालू.

"मुलगा वाईट नाही," नाना म्हणाले. "पण हार काय, फोटोलाही घालतात. ताई, वर्षातून एक छर्रा मारायचा असतो मला. एकच. असं काहीतरी करा, की पिवळा म्हणालो तर पिवळा फुटेल."

मी बघते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी फोन आला. नानांच्या पत्नी, माई. आवाज दबका, बहुधा स्वयंपाकघरातून बोलत होत्या.

"तुम्ही त्यांना सांगा ना, की ती बंदूक दुरुस्त होत नाही."

"का हो?"

"सगळ्या वाडीदेखत नेम चुकला ना, तर हा माणूस परत जिना उतरणार नाही. मी ओळखते. भजनी मंडळात एकदा टाळ हातातून पडला, तेव्हापासून तिकडे फिरकले नाहीत. पत्ते सोडले. लग्नाकार्याला जेवायला बसत नाहीत. एवढी एकच गोष्ट उरली आहे, ती न करताच संपली तर बरं."

बाईचं खोटं नव्हतं. आणि नानांचंही नव्हतं. पण "होत नाही" हे दोन शब्द माझ्या धंद्यात मी फक्त कबुतरवाल्यांसाठी राखून ठेवलेत. दादरचे एक साहेब तीनदा येऊन गेले होते. त्यांच्या एसीवर कबुतरं बसतात, तर बंदुकीचा जोर वाढवून हवा. मी सांगितलं, जोर वाढवणं कायद्यात बसत नाही आणि कबुतर मारणं माझ्या आईच्या अटीत बसत नाही. ते म्हणाले, "तुमच्या आईंना मी समजावतो." म्हटलं, समजवा, पण त्यासाठी तुम्हाला बरंच लांब जावं लागेल. त्यानंतर आले नाहीत.

माईंना मी म्हणाले, "मला थोडे दिवस द्या. जमलं नाही तर मीच त्यांना नाही म्हणेन." त्यांनी फोन ठेवला, पण समाधान झालेलं नव्हतं. माझंही झालं नव्हतं.

आता जरा धंद्यातलं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. स्वस्तातली एअरगन म्हणजे रेडिमेड शर्ट. कोणालाच नीट बसत नाही. कोणाचा हात आखूड, कोणाची मान लांब, कोणी डावरा. मी ती माणसाच्या मापाची करून देते. नवे सुटे भाग या बंदुकांना धड मिळत नाहीत, म्हणून एकीचं काढून दुसरीला लावायचं. माझ्या खोलीत पत्र्याचे डबे आहेत, त्यात असलं काय काय पडलेलं असतं.

गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, बंदूक वाकडी मारते." दहातल्या नऊ वेळा नाचता येईना अंगण वाकडं. म्हणून मी आधी कागद टांगते आणि म्हणते, मारा पाच छर्रे. भोकं कागदभर विखुरली तर माणूस चुकतोय. सगळी भोकं एकाच जागी पडली, पण ती जागा बाजूला असली, तर माणूस पक्का आहे, बंदूक चुकतेय. ही खूण रेंजवरच्या सगळ्यांना माहीत असते, बाहेर कोणाला पटत नाही.

आणि एक नियम मी मोडत नाही. बंदूक न्यायला मालकाने स्वतः यायचं, ड्रायव्हर, मेव्हणा, शेजारी चालणार नाही. कारण या बंदुकीत स्प्रिंग सुटली की छर्रा नळीबाहेर पडायच्या आत सगळी बंदूक हिसका खाते. तो हिसका ज्याचा तो आपापल्या परीने झेलतो. हलक्या हाताने धरणाऱ्याचा छर्रा एकीकडे जातो, आवळून धरणाऱ्याचा दुसरीकडे. म्हणून माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा तो नेम धरायचा दाणा, मालकाच्या हातात बंदूक देऊनच जुळवायची असते.

नानांच्या बंदुकीचा मी विचार करू लागले. हात थरथरतो तर काय करावं? पहिली गोष्ट वजन. रिकामी पिशवी हातात हलते, बटाट्याने भरलेली हलत नाही. बंदूक पुढून जड हवी होती. शिसं पाहिजे होतं, आणि शिसं म्हटल्यावर मला यमुनाबाय आठवली.

यमुनाबाय कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. तिचं माझं गिऱ्हाईकपण म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण. बांबूंवर बोंबील सुकत घातले की कावळे येतात, म्हणून तिने कुठूनशी एक जुनी एअरगन पैदा केली. माझी अट ऐकल्यावर म्हणाली, "आगो, मारतंय कोन त्यांना? नुसता आवाज पायजे." छर्रा न घालता ती दिवसभर ठो ठो करायची. छर्ऱ्याशिवाय एअरगन उडवणं म्हणजे तिचा खून. छर्रा पुढे असला की हवा अडते आणि दट्ट्याला गादी मिळते. नसला की दट्ट्या थेट जाऊन लोखंडावर आपटतो. दर थोड्या दिवसांनी ती फुटका वायसर घेऊन माझ्या दारात हजर. मी चिडायचे, ती येताना मूठभर सुका जवळा आणायची, मी गप्प बसायचे.

नानांच्या वेळी मी शिसं मागायला तिच्याकडे गेले, तर बंदूक बांबूला टेकून उभी आणि नळीच्या टोकावर कावळा बसलेला.

"बघ तुझी करामत," यमुनाबाय म्हणाली. "हे कावले आता हिच्यावं बसून मासली खातान. सगल्यांना कललंय, हिच्यात काय नाय." मी कोणासाठी आले ते सांगितल्यावर मात्र तिने पदर खोचला. जुन्या जाळ्याची शिशाची वजनं पिशवीत भरली आणि वर ती बंदूकही दिली. "ने. त्या म्हाताऱ्याच्या कामाला येल. माजे कावले काय आयकत नाय."

त्या बंदुकीची स्प्रिंग आपटून आपटून थकलेली होती. कोणत्याही दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी ती लावली नसती. नानांना नेमकी तशीच हवी होती, कारण कडक स्प्रिंगची नळी मोडायला जो जोर लागतो तो त्यांच्या हातात राहिला नव्हता. फुगा फोडायला थकलेली स्प्रिंगही पुरते.

दुसरी गोष्ट घोडा. इथे मला लालबागचा अनिकेत कामाला आला. अनिकेत म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ बघून एअरगन घरीच सुधारणाऱ्या पंथातला. त्याची बंदूक आली ती दोन पिशव्यांतून, तुकड्यांत. दुर्बीण लावलेली, खाली दोन पाय, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यावर वाघाच्या कातड्याचे स्टिकर. नाकापेक्षा मोती जड. घोडा हलका व्हावा म्हणून मूळची स्प्रिंग काढून त्याने बॉलपेनची घातली होती. इतका हलका झाला, की बंदूक टेबलावर ठेवताना सुटली आणि छर्रा आईच्या लाडवांच्या डब्यातून आरपार गेला.

"कोणाला लागलं?" मी विचारलं.

"नाही ताई. लाडवालाच."

"आणि तुला?"

"मला आईचा हात लागला."

जोडून झाल्यावर घोड्याची ती मूळची स्प्रिंग त्याच्याकडे उरली होती. ती त्याने प्रामाणिकपणे मला आणून दिली. "ही एक्स्ट्रा होती, ताई." बंदुकीत एक्स्ट्रा काही नसतं, हे त्याला समजावताना माझी दुपार गेली. त्याची बंदूक मी दुसऱ्या भागांनी नीट केली आणि ती उरलेली डब्यात पडून राहिली. भलतीच कडक होती, त्याला नको होती. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो, घोडा हलका करा. पण ज्याचं बोट थरथरतं त्याला हलका घोडा दिला तर नेम धरायच्या आधीच बार निघायचा. नानांना जड घोडा हवा होता, मनाशी ठरवून ओढल्याशिवाय न सुटणारा. अनिकेतची एक्स्ट्रा तिथे फिट बसली.

दस्त्यासाठी रे रोडला गेले. तिथे वखारीत जुन्या जहाजाच्या दारांचं सागवान मिळतं, मीठ-पाणी खाऊन घट्ट झालेलं. त्यातून गालाला टेकायची फळी काढली. खांद्याशी रबरी चप्पल कापून लावली. नाना एकदा येऊन मापं देऊन गेले. हात, मान, खांदा, खुर्चीत बसल्यावरची उंची. मापं देताना ताठ बसले होते, जणू फोटो काढायचाय. जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "माईंचा फोन आला असेल तुम्हाला."

मी जिन्यातला दिवा लावला.

"तिला वाटतं मला ऐकू येत नाही. कान चांगले आहेत माझे."

जानेवारीत बंदूक तयार झाली. देखणी नव्हतीच. पण उचलली की हातात बसून राहायची. आता नानांनी येऊन माशी जुळवून घ्यायची, एवढंच बाकी. आणि नेमका नानांना ताप आला. सव्वीस तोंडावर. आदल्या दिवशी मंदार दारात उभा राहिला.

"नानांना आज डॉक्टरने बाहेर सोडलं नाहीये, ताई. उद्या बरे असतील. मी नेतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणाले असते तर उद्या फुगा पाहुण्यांनी फोडला असता. मीच गॅलरीत कागद टांगला, माझ्याच हातांनी मारून माशी जुळवली, भोकं मधोमध पडली तेव्हा बंदूक लुगड्यात गुंडाळून दिली. मंदारने ती उचलली आणि म्हणाला, "ताई, ही तर केवढी जड! नानांना झेपेल? मला नाही हो त्यांचं हसं झालेलं बघवणार." तेव्हा मला कळलं, की हार घालायला निघालेला हा मुलगाही घाबरलेलाच आहे.

सव्वीस जानेवारीला सकाळी आमच्या चाळीतलं झेंडावंदन झालं, संविधानाची उद्देशिका वाचून झाली आणि मी दुपारी फणसवाडीत पोचले. दोरी बांधलेली, फळीवर फुग्यांच्या ओळी, मधोमध पिवळा. वरच्या गॅलऱ्यांत बायका. माई कुठे दिसेनात. शेजारणीने सांगितलं, आत देवापाशी बसल्यात.

नाना खुर्चीत बसले. तापाने गाल बसले होते, पण शर्ट कडक. स्पर्धेच्या बंदुका वेगळ्या होत्या, ही फक्त उद्घाटनाची. नळी त्यांनी स्वतः मोडली, छर्रा स्वतः घातला. छर्रा घालताना हात एवढा हलला, की माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "कशाला हे आता." मग त्यांनी बंदूक उचलली आणि ती हलायची थांबली. खरंच थांबली. मी डोळे भरून बघत होते.

"पिवळा!" नाना म्हणाले.

ठो. फुगा फुटला. लाल. पिवळ्याच्या उजवीकडचा.

सगळ्या वाडीने टाळ्यांचा कडकडाट केला. मंदार तर शिट्टी वाजवत होता. "वा नाना! उद्घाटन झालं!" पाहुणे पुढे आले हात मिळवायला. नानांनी हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"पिवळा म्हणालो होतो," ते म्हणाले. "लाल फुटला. बाद."

"अहो नाना, उद्घाटनाला कसला नियम?"

"नियम माझा आहे, मंदार." त्यांनी बंदूक मंदारच्या हातात दिली, उठले आणि चालत जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. त्यांच्या पुढे शाळेतली पोरं, कॉलेजची पोरं, दोन सुना आणि एक पोस्टमन.

मला फार वाईट वाटलं. धंद्याचा अभिमान वगैरे बाजूलाच राहिला, मला माईंचा फोन आठवला. वाटलं, ऐकलं असतं बाईचं तर काय बिघडलं असतं? हा माणूस आता घरी जाईल, लुगड्यात बंदूक गुंडाळेल आणि दार लावून घेईल.

नाना गेले मात्र नाहीत. उभे राहून थकले तेव्हा दोन पोरांनी खुर्ची आणली. रांग सरकली की नाना उठायचे, पोरं खुर्ची पुढे ओढायची, नाना बसायचे. डोळे फळीवर. फुटत होते, चुकत होते, हसणं-ओरडणं चाललं होतं. निळा, हिरवा, लाल, गुलाबी, परत हिरवा. मला बऱ्याच वेळाने लक्षात आलं. पिवळा कोणीच म्हणत नव्हतं. पोस्टमनसुद्धा गुलाबी म्हणाला.

नानांची पाळी आली तेव्हा फळीवर एकच फुगा उरला होता. मंदार नवे फुगे लावायला निघाला, तर फुग्यांची पिशवी सापडेना. एक मुलगी तिच्यावरच बसली होती.

नाना फळीकडे बघत राहिले. मग मागे वळून पोरांकडे. "पिवळा कोणीच कसा घेतला नाही?"

पिशवीवर बसलेली मुलगी म्हणाली, "नाना, पिवळा सध्या कोणी वापरत नाही."

नाना हसले नाहीत, पण हसणार होते असं मला वाटतं. खुर्चीत बसले, आपल्या त्याच बंदुकीत छर्रा घातला, ती उचलली. "पिवळा!" आणि मी पाहिलं, तर नळीचं टोक पिवळ्यावर नव्हतंच, चांगलं टीचभर डावीकडे होतं. मनात म्हटलं, गेलं, आता यांची नजरही गेली. मी डोळे मिटले.

ठो, आणि त्यामागून जो गलका झाला तो उद्घाटनाच्या टाळ्यांसारखा नव्हता. तो खरा होता. डोळे उघडले तेव्हा फळीवर पिवळ्याचा नुसता देठ लोंबत होता आणि पोस्टमन नाचत होता.

नाना शांतपणे मला म्हणाले, "ताई, बंदूक उजवीकडे मारतेय."

"काय?"

"मघाशीच कळलं. नेम पिवळ्यावरच होता माझा. म्हणून आता डावीकडे धरला."

मी धावत जाऊन एक कागद आणला, फळीला टाचला. म्हटलं, मारा. नाना मारत गेले, नळी मोडायला मंदार मदत करत होता. मी कागद काढून आणला. भोकं सगळी एका जागी, बशीतल्या लाडवाएवढ्या जागेत, एकावर एक चढलेली. आणि ती जागा मध्यापासून चांगली उजवीकडे.

मला कळलं. मी बंदूक हलक्या हाताने धरते. नाना थरथर दाबायला ती आवळून धरतात. माशी मी माझ्या हाताची जुळवली होती. सगळ्या गिऱ्हाइकांना जो नियम सांगून सांगून मी वीट आणला, तो मीच मोडला होता. या खेपेला अंगणच वाकडं होतं, आणि ते मी सारवलं होतं. रेंजवर असताना माझ्या कामात अशी चूक निघाली असती तर आठवडाभर मला जेवण गेलं नसतं. पण त्या दिवशी मी तो कागद डोक्यावर धरून ओरडले, "चूक माझी! बंदूक चुकली! नानांचा हात पक्का आहे!" लोकांना वाटलं असेल, या बाईला ऊन लागलं.

एव्हाना गलका ऐकून माई खाली आल्या होत्या, हातात अजून जपमाळ. नानांनी त्यांना तो कागद दिला. माझ्याकडून भोकांचा अर्थ त्यांनी दोनदा समजून घेतला. डोळे पुसले. मग कागद उलटसुलट करून बघितला आणि नानांना म्हणाल्या, "म्हणजे हात ठीक आहे तुमचा?"

"ठणठणीत."

"मग रोज सकाळी चहा माझ्या धुतलेल्या चादरीवर कसा सांडतो?"

नानांनी जरा विचार केला. "कप उजवीकडे मारतो," ते म्हणाले. "ताईंना दाखवायला हवा."

फेब्रुवारीत माईंनी खरंच त्यांचा स्टीलचा मग पाठवून दिला. मी त्याच्या बुडाला बाहेरून पितळेची जड चकती बसवली आणि दांडा मोठा केला, चार बोटं आत जातील असा. चहा सांडायचा पुष्कळ कमी झालाय म्हणतात. न्यायला मंदार आला होता, पण मी त्याला हात हलवत परत पाठवला. दुसऱ्या दिवशी नाना स्वतः आले, मी त्यात काठोकाठ चहा ओतला आणि तो पिऊन दाखवल्यावरच स्टीलचा मग त्यांच्या ताब्यात दिला.